कर्ज देणाऱ्याला जामीन कोण?

गोव्याच्या पेडणे तालुक्यात धंद्याची कल्पना नसलेला माणूस सध्या शोधून सापडायचा नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या पठारावरच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३पासून विमानांची ये-जा सुरू झाली, आणि तेव्हापासून पत्रादेवीपासून हरमलपर्यंत प्रत्येक पडवीत एक तरी होतकरू उद्योजक बसलेला असतो. कुणाला टॅक्सी घ्यायची असते. कुणाला काजूच्या बागेत दोन खोल्या बांधून त्यांना 'होमस्टे' म्हणायचं असतं. कुणाला विमानतळावर कामाला येणाऱ्या पोरांसाठी खानावळ काढायची असते. जागा ठरलेली असते, पाटीवरचं नाव ठरलेलं असतं, देवाचा कौलसुद्धा उजवा मिळालेला असतो. राहिलेले असतात ते फक्त पैसे.

आमच्या घरातला उद्योजक म्हणजे माझा पुतण्या. त्याला मसाल्याची गिरण घालायची होती. हरमलच्या मिरच्या दळायच्या, पाकिटात भरायच्या आणि परत जाणाऱ्या पर्यटकाच्या पिशवीत घालायच्या, असा बेत. यंत्र, थ्री-फेज वीज, वर पत्रे आणि पाकिटं बंद करायचं मशीन धरून खर्च तीन लाख रुपये. "काका, तीन लाख म्हणजे आजकाल काहीच नाही," असं तो म्हणाला. आजकाल काहीच नसलेली ही रक्कम घरात कुणाकडेच नव्हती.

मग रीतीप्रमाणे घरची माणसं बसली. अशा बैठकीत एकाच प्रश्नाची चर्चा होते: पोराला कर्ज देणार कोण? पोरगा भरवशाचा आहे का, हप्ते फेडेल का, गिरण चालेल का, याचा काथ्याकूट मध्यरात्रीपर्यंत चालतो. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे तो भरवशाचा आहे का, हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही. पैसे देणारा म्हणजे देवमाणूस, हे आपण गृहीतच धरलेलं असतं.

पहिली सूचना सासुरवाडीची आली. नातेवाइकांकडच्या पैशाला व्याज नसतं, असा एक गोड गैरसमज आहे. व्याज असतं, फक्त ते रुपयांत नसतं. ज्याने पैसे दिले त्याच्या घरच्या प्रत्येक बारशाला तुम्ही मांडव घालायला हजर पाहिजे. तुम्ही नवा शर्ट घातला की "धंदा बरा चाललाय वाटतं" हे ऐकून घेतलं पाहिजे. आणि कर्ज फिटल्यावरही पुढची वीस वर्षं चतुर्थीला आरतीनंतर "त्या वेळी आम्ही उभे राहिलो म्हणून" हे वाक्य निघणारच. पुतण्याचं अजून लग्न व्हायचं असल्यामुळे ही सूचना तिथेच बारगळली.

दुसरी सूचना सोन्याची. ती आली तेव्हा घरातल्या बायका एकदम गप्प झाल्या आणि पुरुष एकदम व्यवहारी झाले. सोनं ठेवायचं, तासाभरात पैसे घ्यायचे, ना जामीन ना चौकशी. सोनंतारण हा लहान धंद्याला पैसा उभा करायचा बरा मार्ग आहे, यात शंका नाही. पण गोव्यातल्या जुन्या माणसाला या बाबतीत एक गोष्ट पक्की आठवते. पोर्तुगीज काळात इथे 'बांको नासिओनाल उल्त्रामारिनो' होती. १८६८पासून तिचा इथे कारभार. लोक तिच्याकडे दागिने गहाण ठेवत. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त व्हायच्या सुमारास हे गहाण सोनं जहाजाने लिस्बनला गेलं, आणि मागे राहिल्या पावत्या. ते परत आलं १९९१मध्ये. तोवर ज्या सुनांचे ते दागिने होते त्या आज्या झाल्या होत्या. आमच्या घरातल्या थोरल्या वहिनींनी एवढंच विचारलं, "ही फायनान्सवाली मंडळी सोनं ठेवतात कुठं? पेडण्यातच ना?" प्रश्न हसण्यावारी गेला, पण त्या बैठकीत देणाऱ्याबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

तिसरी सूचना बँकेची. इथून पुढे कागदांचा खेळ सुरू होतो.

बँकेत मॅनेजर परराज्यातले असतात, तीन वर्षांसाठी आलेले. त्यांना पेडणे समजेपर्यंत त्यांची बदली निघते. आमच्या वाट्याला आलेले मॅनेजर सज्जन होते. त्यांनी तारण नको म्हणून सांगितलं आणि लगेच विचारलं, "लेकिन लँड पेपर है क्या?" महाराष्ट्रात सात-बारा असतो तसा आमच्याकडे एक-चौदाचा उतारा. भावाने तो मोठ्या अभिमानाने समोर ठेवला. त्यावर कब्जेदार म्हणून आमच्या पणजोबांचं नाव होतं, आणि कुळाच्या रकान्यात भलत्याच एका माणसाचं. मॅनेजरनी पणजोबांच्या नावावर पेन टेकवून विचारलं, "ये अभी कहाँ रहते हैं?" भावाने निमूटपणे वर बोट दाखवलं. "एनआरआय?" मॅनेजरनी आशेने विचारलं.

पुढची अर्धी सकाळ वंशावळ समजावण्यात गेली. गोव्यात मेलेल्या माणसाची इस्टेट वारसांत वाटायची तर सहसा इन्व्हेंटरी करावी लागते, आणि इन्व्हेंटरी म्हणजे वकील, कोर्ट आणि सगळ्या वारसांची जमवाजमव. त्यातून पोर्तुगिजांचा १८६७चा नागरी कायदा घरगुती बाबतीत इथे अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको दोघं मिळकतीचे अर्धे-अर्धे मालक. म्हणजे तारण द्यायचं तर पणजोबांच्या सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, आणि त्यांच्या सगळ्या बायकांच्याही. आमचा एक चुलता गिरगावात, एक आते सावंतवाडीला, आणि एका चुलतभावाची बायको इंग्लंडात. ही माणसं आजीच्या तेराव्यालाही एकत्र आली नव्हती, ती मिरच्यांसाठी कशी येणार?

पुतण्याने मग मोबाइल काढला. लहान उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१०पासून बँकांना बजावून ठेवलं आहे. अशा कर्जांना हमी देणारा सरकारी न्यासही २०००पासून आहे. त्याने ते मॅनेजरना वाचून दाखवलं. मॅनेजर हसून म्हणाले, "हम मांग नहीं रहे. है तो देख रहे हैं." बाहेर पडताना शिपायाने मात्र आमच्या भाषेत धीर दिला, "जातलें, जातलें. फाल्यां येयात." म्हणजे होईल, उद्या या.

पेडण्याच्या माणसाला अशा आश्वासनाची सवय आहे. कोजागरीच्या रात्री पेडण्याची पुनव भरते. त्या रात्री भूतनाथ देव रागावून रानाकडे पळत सुटतो. एका रात्रीत देऊळ बांधून द्यायचा शब्द पाळला गेला नाही, हा त्याचा राग, अशी आख्यायिका. भक्त मागोमाग धावतात, समजूत घालतात, पुन्हा शब्द देतात आणि देवाला परत आणतात. पुढल्या वर्षी देव पुन्हा पळतो. बँकेच्या दारात आम्ही भूतनाथ होतो. फरक इतकाच, की आम्ही पळालो तर समजूत काढायला मागून कुणी आलं नसतं.

तेवढ्यात सिबिलचं, म्हणजे कर्जफेडीच्या पतगुणांचं निघालं. ३०० ते ९००च्या मधला हा आकडा आता माणसाच्या चारित्र्याचा दाखला झाला आहे. पुतण्याचा आकडा मोबाइलच्या दोन चुकलेल्या हप्त्यांनी खाली आला होता. म्हणून भावाने स्वतः सहकर्जदार व्हायची तयारी दाखवली आणि छाती पुढे काढून सांगितलं, "साहेब, उभ्या जन्मात कुणाचा एक रुपया घेतला नाही!" मॅनेजरचा चेहरा पडला. ज्याने कधी कर्जच काढलं नाही त्याची नोंदच नसते, आणि नोंद नाही म्हणजे संगणकाच्या लेखी तो माणूस अजून जन्मलेला नाही. साठ वर्षं जपलेली अब्रू संगणकाने उणे एक या आकड्यात मांडली. (आपला हा अहवाल वर्षातून एकदा फुकट मागवता येतो. मागवावा. त्यात कधी कधी न काढलेलं कर्जही सापडतं.)

सरकारी योजनांबद्दल पडवीतलं ज्ञान अफाट आहे. मुद्रा योजना एप्रिल २०१५मध्ये आली, तरी पेडण्यात 'मुद्रा बँक' कुठल्या गल्लीत आहे असं विचारणारे अजून भेटतात. तिची शाखा कुठेच नाही. योजना मुद्राची, पैसे आपल्या नेहमीच्या बँकेचे. ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण, आणि तरुणपणीचं कर्ज नीट फेडलेल्यासाठी आता २० लाखांपर्यंत तरुण प्लस. आमचा पुतण्या तीन लाखांचा, म्हणजे किशोर. तिशी ओलांडलेल्या माणसाला सरकारने किशोर म्हटल्याचा त्याला झालेला आनंद कर्जाच्या आनंदापेक्षा मोठा होता.

शिवाय पणजीला आर्थिक विकास महामंडळ आहे, १९७५पासूनचं. पर्रीकरांच्या पहिल्या कारकिर्दीत सुरू झालेली मुख्यमंत्री रोजगार योजना तेच चालवतं, आणि तिच्यावर उभे राहिलेले गाडे, गॅरेज, ब्युटी पार्लर तालुक्यात दिसतात. खादी आयोगाची पीएमईजीपी आहे. तिच्यात खेड्यातल्या सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान मिळतं, पण १० टक्के पदरचे घालावे लागतात. अनुदान म्हटलं की आपले कान टवकारतात आणि पदरचे म्हटलं की ऐकू येणं बंद होतं.

योजनेला प्रोजेक्ट रिपोर्ट लागतो. तो म्हापशात बसणारा एक जाणकार करून देतो. त्याने केलेल्या रिपोर्टप्रमाणे आमची गिरण पहिल्याच वर्षी जितकी मिरची दळणार होती, तितकी अख्ख्या हरमलात पिकत नाही. "एवढं दाखवलं नाही तर हप्ता बसत नाही," असा त्याचा खुलासा. म्हणजे गिरणीला हप्ता झेपेल का हे पाहायचं सोडून हप्त्याला झेपेल अशी गिरण कागदावर उभी करायची. याच जाणकाराने 'उद्यम' नोंदणीचे दीड हजार सांगितले होते. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार आणि पॅन असलं की घरबसल्या. पण फुकट गोष्टीवर आपला विश्वास बसत नाही, आणि कितीतरी लोकांचं पोट त्या अविश्वासावर चालतं.

जामीनदाराचं तर विचारूच नका. पेडण्यात नोकरीला असलेला सरकारी शिक्षक हा सर्वांत लाडका प्राणी. त्याची पगाराची चिठ्ठी म्हणजे चालतंबोलतं तारण. लग्नाची पहिली पत्रिका त्याला, बागेतला पहिला फणस त्याला. पण पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक शिक्षक एकदा कुणाला तरी जामीन राहून पोळलेला असतो, आणि पुन्हा सही करणार नाही अशी शपथ त्याने रवळनाथासमोर घेतलेली असते. ही शपथ खरी असते की सोयीची, ते रवळनाथालाच ठाऊक.

मग सहकाराकडे वळावं तर तिथे जुन्या जखमा आहेत. म्हापसा अर्बनचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२०मध्ये रद्द केला, मडगाव अर्बनचा जुलै २०२१मध्ये. बारदेस-पेडण्यातल्या घराघरात म्हापसा अर्बनचं एखादं पासबुक होतंच. ठेवींना विम्याचं कवच फेब्रुवारी २०२०पासून ५ लाखांचं आहे, त्यामुळे बहुतेकांचे पैसे वाचले. पण कर्ज घेणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. सहकारी बँकेत कर्ज काढताना सहसा तिचे शेअर घ्यावे लागतात, आणि विमा ठेवींना आहे, शेअरना नाही. दुसरं, बँक बुडाली म्हणून कर्ज बुडत नाही. वसुलीला अवसायक येतो, आणि त्याला तुमची बारशी, मुंजी, ओळखदेख काही लागू नसते. पतसंस्थेच्या ठेवीला तर तो विमाही नाही, कारण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पाटीवर 'मल्टिपर्पज', 'मल्टिस्टेट' असे कितीही 'मल्टि' लिहिले तरी नव्हे.

एवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण फायनान्स कंपनीच्या वतीने घरी आला. ना एक-चौदा, ना जामीन, ना पणजोबा. "सर, फक्त १२ टक्के." पोराचे डोळे चकाकले. माझी बायको वाड्यावरच्या स्वयंसहाय्य गटाचा हिशेब ठेवते. ती शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "लाखाचंच सांग, बाबा. दोन वर्षांचं." त्याने कॅल्क्युलेटर दाबला: व्याज २४ हजार, महिन्याचा हप्ता ५,१६७. "दर महिन्याला आम्ही मुद्दल फेडणार ना?" "हो मॅडम." "मग शेवटच्या महिन्यात आमच्याकडे तुमचे पाच हजार उरले असताना व्याज अख्ख्या लाखावर कसं?" तरुण थोडा थांबला. "मॅडम, सिस्टमच तशी आहे." त्या सिस्टमचं नाव फ्लॅट रेट. उरलेल्या मुद्दलावर धरायला गेलं तर हे १२ टक्के साडेएकवीसच्या वर जातात. त्यात प्रोसेसिंग फी आणि न मागितलेला विमा घातला की आणखी वर. शेंगा सोलून झाल्या, चहा झाला, तरुण गेला. जाताना शर्टाची इस्त्री जरा मोडली होती.

त्याच्यापेक्षा प्रामाणिक म्हणावा तो हातसावकार. तो सरळ सांगतो, महिन्याला शेकडा पाच. वर्षाला साठ होतात हे सांगत नाही, पण लपवतही नाही. तो गुणाकार आपण करायचा असतो, आणि गरजेच्या वेळी आपल्याला पाढे आठवत नाहीत. मोबाइलवरचं कर्जाचं ॲप त्याहून भारी. दोन मिनिटांत पैसे, आणि हप्ता एक दिवस चुकला की तुमच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना तुमची कीर्ती. आणि 'मुद्रा'च्या नावाने बनावट मंजुरीपत्र पाठवून आधी फी भरा म्हणणारे तर थेट चोरच. कर्ज हातात पडण्याआधी कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे भरायला सांगणारा सावकारसुद्धा नव्हे. सावकार आधी देतो, मग घेतो.

या सगळ्या धावपळीत एका माणसाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पुतण्या दोन वर्षं बाजारात मसाल्याचं छोटं दुकान चालवत होता, आणि रोज दिवेलागणीला तिथे पिग्मीवाला येत होता. पिग्मी ही कल्पना मूळची कर्नाटकातली. सिंडिकेट बँकेने १९२८मध्ये ती काढली, रोज दोन आणे दारात येऊन गोळा करायचे. आज आमचा पिग्मीवाला मशीनमधून पावती फाडून देतो. पण त्याची खरी नोंदवही डोक्यात असते. कुणाचा गल्ला पावसाळ्यात आटतो, कोण जत्रेनंतर दोन दिवस दुकान उघडत नाही, कोण पन्नास रुपये द्यायलाही "उद्या ये" म्हणतो, हे त्याच्याइतकं कुठल्या सिबिलला ठाऊक आहे? आणि हेही, की कुठली संस्था मुदतीच्या दिवशी पैसे देते आणि कुठली चहा पाजून परत पाठवते. पुतण्याने त्याला कर्जाचं विचारलं तेव्हा त्याने आधी स्वतःच्या संस्थेचं नाव घेतलंच नाही. म्हणाला, "पिग्मीच्या पावत्यांची चळत आणि क्यूआरवर आलेल्या पैशांचं दोन वर्षांचं स्टेटमेंट घे, आणि त्याच मॅनेजरकडे जा. बदली व्हायच्या आत."

मॅनेजरनी स्टेटमेंट पाहिलं. रोज शे-दोनशे, क्वचित पाचशे, एकही आठवडा कोरडा नाही. पणजोबांचा विषय पुन्हा निघाला नाही. किशोर मुद्रातून तीन लाखांऐवजी अडीच मंजूर झाले, पैसे थेट यंत्र विकणाऱ्याच्या खात्यात गेले, आणि गिरण आता धडधडते आहे. पाहुण्यांना त्यातली मिरची मी चवीला देतो, फुकट. माझ्या धावपळीचं तेवढंच व्याज मला मिळतं.

आता तुम्हाला सांगतो ते एवढंच. १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे, की नवं वैयक्तिक (रिटेल) कर्ज किंवा लहान उद्योगाचं मुदत कर्ज देताना बँक असो वा फायनान्स कंपनी, तिने एक माहितीपत्रक द्यायलाच हवं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर, प्रत्येक फी आणि हप्त्यांचं वेळापत्रक असतं. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं, म्हणजे मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. आणि सात दिवस किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या कर्जाला ते पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस लागू राहतं, म्हणजे विचार करायला सवड मिळावी म्हणून. तेव्हा कर्ज घ्या, जरूर घ्या. कर्जाशिवाय पेडण्यात एकही गिरण फिरायची नाही. फक्त देणारा रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे का ते पाहा, फ्लॅट की उरलेल्या मुद्दलावर ते विचारा, मुदतीआधी फेडलं तर दंड किती ते लिहून घ्या. आणि पत्रक घरी आणून हिशेब कळणाऱ्या घरच्या बाईला दाखवा. जो कागद घरी न्यायला देत नाही, त्याचा पैसा घरी आणू नका.